सामुद्रधुनीचे नियम : ‘दार्दानेल्स १९१५’ खेळाच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

नवी वही काढली. खेळाचं नाव नंतर बघू, विषय पक्का आहे : एजियन आणि मर्मारा समुद्रांना जोडणारी तुर्कस्तानातली दार्दानेल्सची सामुद्रधुनी, फेब्रुवारी-मार्च १९१५. एका बाजूला ब्रिटिश-फ्रेंच आरमार, दुसऱ्या बाजूला काठावरचे तुर्की किल्ले, तोफा आणि पाण्यातले सुरुंग. काठावरच्या गॅलिपोली द्वीपकल्पावर सैन्य उतरायच्या आधीचा, निव्वळ जहाजांचा भाग. खेळाडू दोन, वेळ तीन तास, पट जेवणाच्या टेबलावर मावेल एवढा.

गेली कित्येक वर्षं युद्धखेळ खेळतोय आणि एक गोष्ट सतत खटकत आलीय. सामुद्रधुनी आली की नियम दोन ओळींत आटोपतो. ‘डिप्लोमसी’ (१९५९) या खेळात कॉन्स्टँटिनोपल (म्हणजे इस्तंबूल) हे एकच घर आहे. आरमार एजियनमधून त्यात शिरतं आणि पुढच्या खेळीत काळ्या समुद्रात उतरतं. ‘अॅक्सिस अँड अलाइज’मध्ये लगतचा प्रदेश आपली पाळी सुरू होतानाच आपल्या बाजूच्या ताब्यात असावा लागतो, मग वाट मोकळी. अख्खा युरोप किंवा अख्खं जग पटावर मांडायचं असेल तर एवढा नियम पुरतो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यामुळे सामुद्रधुनी म्हणजे दार, आणि दार एक तर उघडं नाही तर बंद, ही समजूत डोक्यात घट्ट बसते. १८ मार्च १९१५ ला जे झालं ते या समजुतीत बसत नाही. दार सताड उघडं होतं. जहाजं आत गेली, दिवसभर आतच होती, आणि त्यातली तीन तिथेच बुडाली.

या खेळात सामुद्रधुनी हाच सगळा पट. म्हणजे शिरायचा नियम नाही, आत वावरायचा नियम लिहायचाय.

१२ जानेवारी, रविवार

दोन दिवस षट्कोनांत (युद्धखेळाच्या पटावरची सहा बाजूंची घरं) गेले. एक षट्कोन म्हणजे दोन किलोमीटर असं धरून चार्ट पेपरवर नकाशा काढला. सामुद्रधुनीची लांबी ६१ किलोमीटर, म्हणजे तीसेक षट्कोन. तोंडाशी रुंदी चारेक किलोमीटर, म्हणजे दोन षट्कोन. एरेनक्यॉयच्या उपसागरापाशी पाणी सहा किलोमीटरच्या वर पसरतं, तिथे तीन. आणि चानाक्काले-किलितबाहिरच्या मधली चिंचोळी जागा, जिला इंग्रज ‘नॅरोज’ म्हणत, ती दीड किलोमीटरच्याही आत. तिथे एका षट्कोनात दोन्ही काठांचे किल्ले आणि मधलं सगळं पाणी मावतं. मग जहाज आणि तोफ एकाच घरात!

षट्कोन लहान केले तर पट दारापर्यंत जातो. षट्कोन रद्द.

त्याऐवजी टप्पे. तोंड, एरेनक्यॉय, केफेझ, नॅरोज, नारा आणि गॅलिपोली गावापर्यंतचा वरचा पट्टा असे सहा. पहिले चार आखूड, साधारण पाच-पाच किलोमीटरचे, कारण खरी मारामारी तिथेच आहे. तोंडापासून नॅरोज वीसेक किलोमीटरवर येतं, तेव्हा हिशेब जमतो. उरलेले दोन टप्पे लांबलचक.

टर्न, म्हणजे एक पाळी, अर्ध्या तासाचा. सकाळी साडेदहा ते संध्याकाळी सहा, एकूण पंधरा टर्न.

१९ जानेवारी, रविवार

पहिला चाचणी डाव. मामेभाऊ दोस्तांच्या, म्हणजे ब्रिटिश-फ्रेंचांच्या बाजूने, मी तुर्कांच्या. त्या दिवशीच्या यादीत मोठी जहाजं अठरा होती : क्वीन एलिझाबेथ, अॅगमेम्नॉन, लॉर्ड नेल्सन, इन्फ्लेक्झिबल, मग फ्रेंचांची सफ्रें, बूव्हे, गोल्वा, शार्लमान्य, मग बाकीची. भावाने फार विचार केला नाही. “किल्ल्यांशी कशाला भांडत बसू, सुसाट निघतो,” म्हणाला आणि अठराच्या अठरा नॅरोजकडे काढली.

केफेझपासून पुढे सुरुंगांच्या आडव्या दहा रांगा आहेत. माझ्या कच्च्या नियमात प्रत्येक रांग ओलांडताना प्रत्येक जहाजाने एक फासा टाकायचा, १ पडला की सुरुंग लागला. सहातला एकच दगा, म्हणून भाऊ निश्चिंत होता. पण दहाही रांगांतून सुखरूप निघायची शक्यता शंभरात जेमतेम सोळा. अठरातली तीन जहाजं मर्मारा समुद्रात पोचली. इस्तंबूलसमोर तीन जहाजं घेऊन तो गप्प बसला, आणि मग म्हणाला, “आता परत कसा येऊ?”

हा प्रश्न वहीत चौकटीत लिहून ठेवलाय. परतीचा नियम मी लिहिलेलाच नव्हता.

२६ जानेवारी, रविवार

आठवडा प्रवाहावर घातला. मर्मारा समुद्राचं पाणी कमी खारट. ते वरच्या थराने एजियनकडे वाहतं, आणि खाली एजियनचं जड, खारं पाणी उलट दिशेने आत येतं. वरचा प्रवाह नॅरोजमध्ये तीन-चार नॉटांपर्यंत (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जातो. दहा नॉटांनी चाललेली युद्धनौका प्रवाहाविरुद्ध सात नॉटांनी सरकते आणि प्रवाहाबरोबर तेरा. अर्ध्या तासाचा टर्न धरला तर वर जाताना एक टप्पा, खाली येताना दोन. आकडे ओढूनताणून बसवावे लागले नाहीत, याचा फार आनंद झाला.

सुरुंग काढणाऱ्या नौकांचं मात्र अवघड आहे. या काही लष्करी नौका नव्हत्या. उत्तर समुद्रात मासे धरणारे ट्रॉलर, आणि त्यांवरचे खलाशी बहुतांश कोळी. दोन ट्रॉलरच्या मध्ये तारेचा दोर ओढत जायचं, सुरुंगाची साखळी त्यात अडकवायची. दोर पाण्यात असताना वेग मुळातच कमी, त्यात समोरून प्रवाह. हाती उरतात दीड-दोन नॉट. माझ्या हिशेबात एक टप्पा झाडायला चार टर्न, म्हणजे दोन तास. ते दोन तास काठावरच्या सर्चलाइटच्या झोतात आणि फिरत्या हॉवित्झर तोफांच्या माऱ्यात काढायचे.

ट्रॉलर म्हणून शर्टाची पांढरी बटणं वापरतोय. टप्प्यावर चार बारीक खुणा केल्या आणि दर टर्नला बटण एक खूण पुढे. जहाजांच्या अठरा भल्यामोठ्या काउंटरांच्या (सोंगट्यांच्या) समोर ते बटण इतकं हळू सरकतं की समोर बसलेल्याचा जीव टांगणीला लागतो. हे पटावर आलं पाहिजे असं मला फार वाटत होतं, आणि ते आलं.

भाची (अकरावीत आहे, शनिवारी आमच्याकडे असते) लगेच म्हणाली, “मामा, बटणं आधी वर नेऊ दे ना, मग प्रवाहाबरोबर झाडत खाली येतील.” मार्च १९१५ मध्ये हा प्रयोग खरंच झाला होता. दोर न टाकता रात्री रांगांच्या वर जायचं आणि खाली येताना झाडायचं. अडचण ही की वर जाताना स्वतःच सुरुंगांवरून जावं लागतं. नियमात घातलंय : वर जाता येईल, पण प्रत्येक रांगेला फासा.

२ फेब्रुवारी, रविवार

तोफांचे नियम केले. थोडक्यात नोंद : सुरुंग काढायचे तर आधी तोफा गप्प करायला हव्यात. तोफा गप्प करायला जहाजं जवळ न्यायला हवीत. जहाजं जवळ न्यायची तर आधी सुरुंग काढायला हवेत. दोस्तांचा खेळाडू या फेऱ्यात गरगरला पाहिजे. चार डाव झाले, गरगरतोय. किल्ल्यांच्या मोठ्या तोफा एका जागी असतात, त्या दिसतात. छळतात त्या टेकड्यांमागच्या फिरत्या हॉवित्झर. त्यांचे काउंटर दर टर्नला तुर्की खेळाडू पडद्याआड हलवतो.

९ फेब्रुवारी, रविवार

खालच्या मजल्यावरचे काका संध्याकाळी वर आले. व्यापारी जहाजांवर कप्तान होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. पट टेबलावरच होता. चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ वाकून बघत राहिले आणि नाराच्या वळणावर बोट टेकवलं. “इथं पायलट बोलायचा बंद व्हायचा,” म्हणाले. पायलट म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा स्थानिक जाणकार. काळ्या समुद्रातून धान्य भरून ते या पाण्यातून कित्येकदा खाली आलेले आहेत.

त्यांना माझा वळायचा कच्चा नियम दाखवला : ‘नॅरोजमध्ये जहाजाला मागे फिरता येत नाही.’

“चूक,” काका म्हणाले. “एकटं जहाज फिरतं. दीड किलोमीटर काय कमी आहे? पण अरे, फिरताना तू मध्येच आडवा होतोस. आडवा झालास की प्रवाह सगळ्या अंगाला लागतो, तू वळतही असतोस आणि खाली वाहतही असतोस. आणि मागून दुसरा येत असेल तर तो कुठं जाणार? एकानं वळायचं म्हणजे बाकीच्यांनी थांबायचं. पाण्यात थांबता येतं होय?”

ही वाक्यं तशीच लिहून घेतली. माझा नियम जहाजाला ‘येतं’ की ‘येत नाही’ एवढंच विचारत होता. विचारायला हवं होतं किती जहाजांना, एका वेळी.

निघताना दारात थांबून त्यांनी सांगितलं की आता तिथे समुद्रावर मोठा झुलता पूल झालाय, बातमीत पाहिला. १८ मार्च २०२२ ला सुरू झालेला तो पूल. त्याचं नावच ‘१९१५ चानाक्काले’, आणि मधला गाळा २०२३ मीटरचा. काकांना तो खालून बघायचा होता, ते राहिलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आजची तारीख दोनदा महत्त्वाची. १९ फेब्रुवारी १९१५ ला ब्रिटिश अॅडमिरल कार्डनच्या आरमाराने बाहेरच्या किल्ल्यांवर मारा सुरू केला. आणि १९ फेब्रुवारी १८०७ ला डकवर्थ नावाचा इंग्रज अॅडमिरल शिडाची जहाजं घेऊन हीच सामुद्रधुनी ओलांडून मर्मारात पोचला होता. जाताना फारसं बिघडलं नाही. इस्तंबूलसमोर तो वाऱ्याची आणि वाटाघाटींची वाट बघत राहिला. तेवढ्या दिवसांत तुर्कांनी काठ सज्ज केले आणि ३ मार्चला परतताना जुन्या अवजड तोफांचे दगडी गोळे त्याच्या जहाजांवर येऊन आदळले.

भावाचा चौकटीतला प्रश्न : “आता परत कसा येऊ?” शंभर वर्षांच्या अंतराने दोन आरमारं, आणि दोघांचं नुकसान परत फिरताना.

२३ फेब्रुवारी, रविवार

नियम ७, वळायचा, नव्याने लिहिला. प्रत्येक टप्प्याला एक आकडा दिलाय, त्याला ‘वळणजागा’ म्हणतोय. एका टर्नमध्ये त्या टप्प्यात जास्तीत जास्त तेवढी मोठी जहाजं तोंड फिरवू शकतात. तोंड ४, एरेनक्यॉय ४, केफेझ २, नॅरोज १, नारा १, वरचा पट्टा ३. वळलेलं जहाज त्या टर्नला पुढे सरकत नाही. ज्याला वळायला जागा मिळाली नाही ते एक तर वरच्या टप्प्यात ढकललं जातं किंवा जागीच राहून दुप्पट मारा खातं. निवड खेळाडूची.

दुसरा भाग अपंग जहाजांचा. ज्याची यंत्रं बंद पडली ते दर टर्नला एक टप्पा खाली वाहतं. त्याला ओढायला दुसरं जहाज त्याच टप्प्यात थांबलं तर त्या जहाजालाही वळणजागा लागते. इर्रेझिस्टिबल असंच वाहत गेलं होतं आणि त्याच्या मदतीला गेलेलं ओशन सुरुंगावर गेलं.

लिहून झाल्यावर लगेच एकट्यानेच दोन डाव लावले. जे दिसलं ते नीट नोंदवतो, कारण हे मी मुद्दाम घातलेलं नाही. नॅरोजच्या किल्ल्यांवर लांबून मारा करायचा तर एरेनक्यॉयच्या टप्प्यात उभं राहावं लागतं. थकलेल्या रांगेच्या जागी ताजी रांग आणायची तर थकलेल्या रांगेने तिथेच वळावं लागतं, कारण केफेझला वळणजागा दोनच आणि रांग चार जहाजांची. मधल्या पाण्यात पुढे येणारी ताजी रांग. म्हणून वळणारी जहाजं उजव्या अंगाला, आशियाच्या काठाकडच्या उपसागरात शिरतात. दोन्ही डावांत, दर अदलाबदलीला, त्याच जागी.

म्हणजे काठावर बसून चार दिवस कोणी नुसतं बघत राहिलं, तरी जहाजं कुठे वळतात ते त्याला कळेल.

तुर्कांनी नेमकं हेच बघितलं होतं. ७ आणि ८ मार्चच्या मधल्या रात्री नुसरत या छोट्या सुरुंगनौकेने एरेनक्यॉयच्या उपसागरात २६ सुरुंग टाकले. बाकीच्या रांगा सामुद्रधुनीला आडव्या, ही मात्र काठाला समांतर. पुढे जाणाऱ्याची वाट अडवणं हा तिचा हेतूच नव्हता. ती वळणाऱ्यासाठी होती.

रात्री बराच वेळ पटासमोर बसून होतो.

९ मार्च, रविवार

भाचीला तुर्कांची बाजू दिली, मामेभाऊ दोस्तांचा. नुसरतची गोष्ट दोघांनाही सांगितलेली नाही. नियम एवढाच : डाव सुरू होण्याआधी तुर्की खेळाडूने एक जादा रांग कुठे आणि कशी टाकायची ते, म्हणजे टप्पा आणि आडवी की उभी (काठाला समांतर), चिठ्ठीवर लिहायचं. आडवी असेल तर ओलांडणाऱ्याला फासा, उभी असेल तर त्या टप्प्यात वळणाऱ्याला. चिठ्ठी स्टीलच्या वाटीखाली पालथी.

आधी एक सरावाचा डाव खेळून घेतला, चिठ्ठीशिवाय. भाची त्यात फारसं काही करत नव्हती, हनुवटी हातावर टेकवून भावाचे हात बघत होती. दुसऱ्या डावाआधी तिने चिठ्ठी लिहिली, घडी केली, वाटीखाली सरकवली आणि वाटीवर हात ठेवून बसली.

सातव्या टर्नला भावाने फ्रेंच रांग मागे घेतली. चार काउंटर उजवीकडे वळवले. भाचीने वाटी उचलली. ‘एरेनक्यॉय. उभी.’ चार फासे. बूव्हेच्या फाशावर १.

सातवा टर्न म्हणजे दुपारी दीड ते दोन. खरी बूव्हे बुडाली तीही दोनच्या सुमारासच, दोनेक मिनिटांत, सहाशेहून अधिक माणसं घेऊन. फाशाचा योगायोग आहे हे मला कळतं. तरी भावाने काउंटर उचलून पटाबाहेर ठेवला तेव्हा कोणी काही बोललं नाही. भाचीने विचारलं, “त्यावर माणसं किती होती?” तोवर मी काउंटरवर तोफा आणि वेग एवढंच लिहिलं होतं.

पुढे मात्र इतिहासासारखं झालं नाही. भाऊ सावध झाला, बाकीची जहाजं तोंडापाशी आणून वळवू लागला. त्यात प्रत्येक अदलाबदलीला एक टर्न जास्त जातो. अंधार पडेपर्यंत किल्ले अर्धेही गप्प झाले नाहीत. खरा अॅडमिरल द रोबेक, कार्डन आजारी पडल्यावर नुकतीच सूत्रं हाती आलेला, त्याला कळलंच नाही की सुरुंग कुठे आहेत. वरून पाहणी करणाऱ्या विमानांना ते दिसले नव्हते. बूव्हेला तोफगोळा लागला असाच समज झाला. चारच्या सुमारास इन्फ्लेक्झिबल आणि इर्रेझिस्टिबल त्याच पाण्यात सुरुंगांवर गेली.

हा फरक महत्त्वाचा. वाटी उचलली की सगळ्यांना सगळं दिसतं. बदल : वाटी उचलायची नाही. तुर्की खेळाडूने नुसतं “बुडालं” म्हणायचं, कारण डाव संपल्यावर.

१४ मार्च, शुक्रवार

धूळवडीची सुट्टी. खाली पोरांचा दंगा, वर पाणबुड्यांचे नियम.

पाणबुडीला वळणजागेचा प्रश्न नाही, तिचा प्रश्न वेगळाच आहे. दोन थरांतलं पाणी वेगवेगळ्या घनतेचं. वरच्या हलक्या पाण्यात तोल सांभाळून चाललेली पाणबुडी खालच्या जड थराला टेकली की वर उसळी मारते, आणि वर आली की काठावरून दिसते. खोल गेली तर उलटा प्रवाह तिला मदत करतो, पण खोलीत वाट दिसत नाही. १३ डिसेंबर १९१४ ला होलब्रुकची ब्रिटिश पाणबुडी बी११ सुरुंगांच्या पाच रांगांखालून गेली, मेसुदिये ही तुर्की युद्धनौका बुडवून सुखरूप परत आली. १७ एप्रिल १९१५ ला ई१५ प्रवाहाने केफेझपाशी काठावर जाऊन रुतली. आठ दिवसांनी, २५ एप्रिलला, ऑस्ट्रेलियाची एई२ आत शिरली आणि मर्मारापर्यंत गेली. सामुद्रधुनी एकच, दिवस वेगवेगळे, नशीब वेगवेगळं.

नियम : प्रत्येक टप्प्यात खेळाडू ‘वर’ की ‘खोल’ ते गुपचूप ठरवतो. वर असेल तर वाट नीट दिसते पण सुरुंग आणि तोफा, खोल असेल तर सुरुंग टळतात पण फाशावर रुतण्याची भीती. बॅटरीचे ठोकळे मोजून दिलेले, संपले की वर यावंच लागतं. नाराला नंतर जाळं बसलं, ते उशिराच्या डावात.

चांगला नियम झालाय पण मुख्य खेळात नको. १८ मार्चच्या लढाईत त्याचं काम नाही. वेगळ्या पानावर.

१८ मार्च, मंगळवार

कामामुळे पटाला हात लागला नाही. एवढंच केलं : बूव्हेच्या काउंटरच्या मागे ‘६००+’ लिहिलं. बाकीच्यांच्या मागेही माणसांचे आकडे लिहायचे आहेत, खात्रीचे मिळतील तेवढेच.

२३ मार्च, रविवार

मित्राने विचारलं, आजचे नियम का नाही घालत, मॉन्ट्रोचा करार वगैरे? त्याचा मुद्दा बरोबर आहे. १९३६ च्या त्या कराराने युद्धनौकांच्या येण्याजाण्याचे अगदी बारीक नियम घातलेत. काळ्या समुद्राच्या काठावर नसलेल्या देशांना टनांची मर्यादा, तिथे राहायला २१ दिवस, आधी सूचना. काठावरच्या देशांच्या पाणबुड्यांनाही ओलांडताना दिवसा आणि पाण्यावरून जायचं. शिवाय युद्ध करणाऱ्या देशांना तुर्कस्तान वाट बंद करू शकतं, २०२२ च्या फेब्रुवारीअखेर ते झालंही. पण तो खेळ कागदांचा, परवानग्यांचा. माझा पट पाण्याचा आहे. नाही घालत.

मात्र एक गोष्ट मनात घोळतेय. मी अलिबागकडचा. लहानपणी थळच्या किनाऱ्यावरून खांदेरी-उंदेरी रोज दिसायची. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी मायनाक भंडारींकरवी खांदेरीवर तट बांधायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांनी तो अडवायला जहाजं पाठवली. बेट आणि किनारा यांच्यामधली ती काही किलोमीटरची पट्टी म्हणजे सामुद्रधुनी नव्हे, पण प्रश्न तोच : मधल्या पाण्यावर हुकमत कोणाची? इंग्रजांकडे रिव्हेंजसारखी मोठी जहाजं होती, तोफा होत्या. तरी नागाव-थळकडून रसद भरलेल्या छोट्या होड्या रात्री बेटाला लागतच राहिल्या. १८ ऑक्टोबर १६७९ च्या चकमकीत डव्ह हे इंग्रजी जहाज मराठ्यांच्या हाती लागलं.

वळणजागा डोक्यात आल्यापासून मला हे वेगळं दिसतंय. शिडाच्या जहाजाला वळायला वारा लागतो आणि खोल पाणी लागतं. वल्ह्याची होडी वितभर पाण्यात जागच्या जागी फिरते. तिथे वळणजागा टप्प्याला नाही, जहाजाला द्यावी लागेल. मोठ्या जहाजाची वाऱ्यागणिक बदलेल, होडीची मोजायचीच नाही. पुढचा खेळ हा. मराठी आरमारातल्या दौलतखानाच्या गलबतांचे काउंटर आत्ताच डोळ्यांसमोर आहेत, पण एका वेळी एकच.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. श्रीखंड-पुरी झाल्यावर काकांना डावाला बसवलं. उशिराचा डाव निवडला : द रोबेकने १८ मार्चनंतर बीगल वर्गाच्या विनाशिकांना (छोट्या वेगवान युद्धनौकांना) सुरुंग झाडायचे दोर बसवून घेतले, ते घेऊन आरमार पुन्हा आलं असतं तर. प्रत्यक्षात आरमाराने एकट्याने पुन्हा असा प्रयत्न केला नाही, म्हणून हा डाव ‘जर-तर’चा असं पानावर ठळक लिहिलंय. विनाशिका दोर टाकूनही प्रवाहाविरुद्ध एका टर्नला अर्धा टप्पा झाडते. शर्टाच्या बटणाच्या दुप्पट.

समोर भाची. चिठ्ठी वाटीखाली.

काकांनी पहिले तीन टर्न एकही तोफ डागली नाही. विनाशिका तोंडापासून आत घेतल्या आणि एरेनक्यॉयचा उपसागर कडेकडेने झाडून घेतला. मग एक रांग आत, बाकीच्या बाहेर. वळणजागा ४ असताना ते एका टर्नला दोनच जहाजं वळवत होते. भावाला राहवेना, तो मागून सांगत होता, चार वळतात, चार वळतात. “वळतात, पण पाचव्याला अडचण आली तर त्याला जागा नको?” काका म्हणाले आणि दोनच वळवली. दर अदलाबदलीआधी उपसागर पुन्हा झाडायचा, आधी झाडलेला असला तरी. भाचीने विचारलं, का? “रात्री कोण येऊन गेलं ते आपल्याला कुठं माहीत?”

पंधरा टर्न संपले तेव्हा चार किल्ले गप्प होते, केफेझच्या पहिल्या दोन रांगा झाडलेल्या होत्या आणि अठराही जहाजं पाण्यावर होती. काकांनी सगळी बाहेर काढली.

माझ्या नियमाप्रमाणे दोस्त हरले. मर्मारापर्यंत चार जहाजं पोचली तरच त्यांचा विजय. काकांनी ते ऐकून घेतलं. मग एकेक काउंटर उलटा केला, मागचे माणसांचे आकडे वाचले आणि नीट चळत लावून डब्यात ठेवले. भाचीने वाटी उचलून चिठ्ठी त्यांच्यापुढे केली. ‘केफेझ. उभी.’ काका नुसते हसले. ते केफेझला वळलेच नव्हते.

६ एप्रिल, रविवार

विजयाचा नियम आठवडाभर डोक्यात होता. मर्मारात न पोचता विजय द्यायचा नाही, इतिहासाशी ते खोटं होईल. पण सगळी जहाजं परत आणणारा आणि नऊ बुडवणारा, दोघांची हार सारखीच धरणंही मला पटत नाही. गुणपत्रिकेत आता दोन रकाने आहेत : ‘किती पुढे गेले’ आणि ‘किती परत आले’. बेरीज करायची नाही. दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहायचे, सही करायची.

नियम ७ चं छपाईला जाणारं रूप :

‘प्रत्येक टप्प्याच्या वर्तुळातला आकडा ही त्याची वळणजागा. एका टर्नमध्ये त्या टप्प्यात तेवढीच मोठी जहाजं तोंड फिरवू शकतात. अपंग जहाजाला ओढणारं जहाज वळलेलं धरावं. तोंड फिरवलेलं जहाज त्या टर्नला सरकत नाही. टप्प्यात उभी रांग असल्यास, वळणाऱ्या प्रत्येक जहाजासाठी तुर्की खेळाडूनेच फासा लपवून टाकावा आणि १ आल्यास फक्त “बुडालं” असं म्हणावं.’

यातही एक छिद्र आहे, भाचीने दाखवलं : उभी रांग नसताना तुर्की खेळाडूने फासा टाकलाच नाही तर समोरच्याला कळणार की इथे काही नाही. म्हणून दुरुस्ती : वळणाऱ्या प्रत्येक जहाजासाठी फासा नेहमीच टाकायचा, प्रत्येक टप्प्यात, रांग असो वा नसो, वाटीखाली हलवून.

वाट्या दोन लागतील, एक चिठ्ठीला आणि एक फाशाला. खोक्यात देता येणार नाहीत. ‘साहित्य’ या मथळ्याखाली लिहिलं : दोन लहान वाट्या, घरच्या.